ऐरोलीतली चिंगी: एका सॅव्हाना मॉनिटरच्या खाण्याचा, दिव्यांचा आणि मातीचा हिशेब

हे प्रकरण ऐरोलीतल्या एका दुमजली रो-हाऊसमधलं. घरात आजी, आई-वडील, कॉलेजात जाणारा मुलगा आणि चिंगी. चिंगी म्हणजे सॅव्हाना मॉनिटर, आफ्रिकेतल्या गवताळ मुलखातली घोरपड. मादी, वय चारच्या आसपास, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 84 सेंटिमीटर, वजन 3.1 किलो. सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांचा आहार आणि त्यांच्या पिंजऱ्याची मांडणी बघणं हे माझं काम. ठाण्यातल्या एका पशुवैद्यांनी या कुटुंबाला माझ्याकडे पाठवलं, ते दोन तक्रारींसकट. महिन्याचा खर्च झेपेनासा झाला होता, आणि चिंगी दिवसचे दिवस एका जागी पडून असायची. बरी करायची तर आणखी खर्च येणार, आणि खर्च कमी करायचा तर तिचे हाल होणार, असं वडिलांच्या मनाने घेतलं होतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडते.

आधी कायद्याचं, कारण याबाबत लोक फार बेफिकीर असतात. येऊरच्या जंगलात किंवा खाडीकाठच्या झुडपांत दिसणारी आपली घोरपड पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळंच गुन्हा. इमारतीत शिरली तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं, एवढंच आपलं काम. सॅव्हाना मॉनिटर परदेशी आहे आणि साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येते. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, असे प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली. या कुटुंबाने खरेदीची पावती जपून ठेवली होती आणि नोंदणी मुदतीत केली होती. ते कागद समोर आल्यावरच पुढचं बोलणं झालं. कागद नसतील तर स्वस्त खाणं कुठे मिळतं हा प्रश्न फार नंतरचा.

आता खर्च. मुलाने वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे काम सोपं झालं. महिन्याला आयात केलेल्या मॉनिटर-खाद्याचे 5 डबे, प्रत्येकी 620 रुपये, म्हणजे 3,100. बोनलेस चिकन 3 किलो, 1,080. गोठवलेली उंदरांची पिल्लं, ज्यांना या व्यवसायात पिंकी म्हणतात, 40 नग, 1,800. व्हिटॅमिनचं द्रव औषध 450. पिंजऱ्यात अंथरायला झाडाच्या सालीच्या तुकड्यांची आयात पिशवी, 1,200. बेरीज 7,630 रुपये, वीज वेगळी.

या यादीतला पैशांचा आकडा बाजूला ठेवून मी आधी वजनाचा काढला. डब्यांचं 850 ग्रॅम, चिकन 3 किलो, पिल्लं 100 ग्रॅम. जवळजवळ 4 किलो अन्न महिन्याला! तीन किलोच्या, दिवसभर न हलणाऱ्या, थंड रक्ताच्या प्राण्यासाठी हे तिप्पट होतं. सस्तन प्राणी शरीर गरम ठेवण्यात बरंच अन्न जाळतो. घोरपडीला ती ऊब बाहेरून घ्यावी लागते, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या मांजराच्या मानाने तिची भूक थोडी असते. पण समोर आलेलं ती नाकारत नाही. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातल्या रानात ती पावसाच्या महिन्यांत मिळेल ते खाऊन घेते आणि कोरडे महिने जवळजवळ उपाशी काढते. त्या शरीराला रोज ताट वाढलं की ते चरबी साठवत जातं.

एक्स-रेत नेमकं तेच दिसलं. पोटात चरबीचे मोठे गोळे होते आणि हाडांची सावली फिकट होती. रक्तात युरिक ॲसिड, म्हणजे प्रथिनं वापरल्यावर शरीरात उरणारा कचरा, वाढलेलं. अंगाने भरलेली आणि हाडांनी उपाशी, अशी तिची अवस्था होती. महिन्याला साडेसात हजार खर्चूनही तिला कॅल्शियम मिळत नव्हतं.

ते का, हे चिकनवरून समजून घेऊ. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस साधारण 200 मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम 10 ते 15. घोरपडीला कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवं. इथे प्रमाण पार उलटं आहे, आणि तूट शरीर हाडांतून भरून काढतं. पिंकीतही तेच दुखणं; त्या पिल्लांची हाडं अजून धड बनलेलीच नसतात. पूर्ण वाढलेल्या उंदराच्या सांगाड्यात कॅल्शियम पुरेसं असतं. म्हणजे 45 रुपयांच्या पिंकीपेक्षा 80 रुपयांचा एक मोठा उंदीर खूप स्वस्त पडतो, कारण त्यात हाडं आहेत आणि तो दहा पिंकींच्या वजनाचा आहे.

डब्याचा हिशेब मी मुलाकडूनच करून घेतला, कारण ही पद्धत ज्याला आली त्याला कुणी फसवू शकत नाही. लेबलवर ओलावा 80 टक्के लिहिला होता. 170 ग्रॅमच्या डब्यात 136 ग्रॅम पाणी, कोरडं अन्न 34 ग्रॅम. 620 भागिले 34, म्हणजे ग्रॅममागे 18 रुपये. चिकनमध्ये पाऊण भाग पाणी धरलं तरी कोरड्या ग्रॅमला दीड रुपयाच्या आत बसतं. पाणी वजा केल्याशिवाय दोन खाद्यांची तुलना होतच नाही. लेबलवर प्रथिनं 9 टक्के वाचून लोकांना वाटतं फार कमी आहेत. पाणी वजा केलं की तेच 45 टक्के होतात. आणि चरबी 6 टक्के दिसते ती 30 होते! चरबीचा हा आकडा वडिलांनी पहिल्यांदाच पाहिला. ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, म्हणजे आम्ही अठरा रुपये ग्रॅमने तिला तूप घातलं."

डबे त्या दिवसापासून बंद झाले.

मग द्यायचं काय? रानातल्या सॅव्हाना मॉनिटर मुख्यतः बिनकण्याच्या जिवांवर जगतात: नाकतोडे, रातकिडे, भुंगे, सहस्रपाद, विंचू, गोगलगायी. उंदीर क्वचित. तेव्हा आहाराचा पाया किड्यांचा असायला हवा, हे ठरलं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: किडे किरकोळीत स्वस्त नाहीत. डुबिया जातीचं मध्यम आकाराचं झुरळ साधारण ग्रॅमभराचं असतं आणि 5 रुपयांना पडतं. कोरड्या वजनावर मोजलं तर ते डब्याच्या जवळपास जातं. सुपरवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या जाड अळ्या, थोडे स्वस्त, पण त्यात चरबी भरपूर, आणि चिंगीला नेमकी तीच नको होती. म्हणून किडे विकत आणायचे काही महिनेच, आणि त्याच वेळी घरी त्यांची वसाहत उभी करायची, असा बेत केला.

आजींची प्रतिक्रिया अपेक्षितच होती. "अगं, झुरळ दिसलं की मी चप्पल शोधते, आणि तू पाळायला सांगतेस?" त्यांना मी डुबियाचं एक झुरळ काचेच्या बरणीत दाखवलं. गुळगुळीत भिंतीवर ते चढू शकत नाही, दिवा लागला की अंड्यांच्या ट्रेखाली दडून बसतं आणि आपल्या घरच्या झुरळासारखा वासही मारत नाही. आजींनी बरणी हातात घेऊन चारी बाजूंनी निरखली आणि अट घातली: टब स्वयंपाकघराच्या आसपास येता कामा नये. जिन्याखालची जागा ठरली. त्यावर माझी अट अशी की घरात झुरळांचा खडू आणि फवारणी बंद, आणि पेस्ट कंट्रोलवाले आले तर टब आधी झाकून शेजाऱ्यांकडे हलवायचा. खडूतलं कीटकनाशक टबापर्यंत पोहोचलं तर वसाहत जाते, आणि ते किडे खाल्ले तर घोरपडही आजारी पडते. घरात फिरणारं साधं झुरळ पकडून घालण्याचा विचारही म्हणूनच करू नये.

वसाहतीला फार काही लागत नाही. 28 ते 32 अंश तापमान लागतं, ते नवी मुंबईत वर्षातले बरेच महिने फुकट मिळतं. उभे रचलेले अंड्यांचे ट्रे कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याने पैसे न घेता दिले. खायला तुर्भेच्या एपीएमसीतून आणलेला गव्हाचा कोंडा, गाजराचे तुकडे, दुधीची सालं. कुत्र्याचं खाद्य घालायचं नाही, हे मात्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. जास्त प्रथिनं मिळाली की झुरळं युरिक ॲसिड अंगात साठवतात आणि ते सरळ घोरपडीत उतरतं. चिंगीच्या रक्तात ते आधीच चढलेलं होतं. खायला घालायच्या आदल्या दिवशी झुरळांना शेवग्याचा पाला. त्यात कॅल्शियम चांगलं असतं, आणि ऐरोलीत शेवग्याचं झाड नसलेली गल्ली शोधावी लागेल.

गणित असं होतं. डुबियाची मादी साधारण दोन महिन्यांनी 20 ते 30 पिल्लं देते, म्हणजे महिन्याला सरासरी दहाएक. महिन्याला अर्धा किलो झुरळं हवी असतील तर कागदावर 50 माद्या पुरतात. काही मरतात, काहींना उशीर होतो, हे धरून 80 तरी असाव्यात. पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने. वसाहतीला सुरुवातीला 3,200 रुपये लागले आणि अर्धं वर्ष तिच्यातलं एकही झुरळ काढायचं नव्हतं. इथेच बहुतेक जण घाई करतात, दुसऱ्याच महिन्यात हात घालतात आणि मग वसाहत चालत नाही म्हणून हताश होतात. मुलाने टबावर तारीख लिहून चिकटवली आणि ती पाळली.

त्या काळात भर घातली ती ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या वाळवलेल्या अळ्यांनी. ओल्या कचऱ्यावर या अळ्या वाढवतात आणि कोंबड्या-माशांचं खाद्य म्हणून विकतात. किलोभर 900 रुपयांना मिळाल्या. पाणी जवळजवळ नसल्यामुळे कोरड्या ग्रॅमला रुपयाच्या आत. शिवाय किड्यांमध्ये हीच एक अशी आहे की जिच्या अंगात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त भरतं. झुरळात आणि सुपरवर्ममध्ये ते कमीच असतं. पण कोरड्या घालायच्या नाहीत. शरीरात पाणी कमी पडलं की युरिक ॲसिड बाहेर न जाता साठतं, सांध्यांत आणि अवयवांत त्याचे खडे धरतात, म्हणजे गाऊट होतो, बंदिस्त घोरपडी ज्या दुखण्यांनी दगावतात त्यातलं हे एक. कोमट पाण्यात तासभर भिजवून, फुगून मऊ झाल्यावर, थोड्या त्याच पाण्यासकट द्यायच्या.

पाणी पुरतंय का, हे विष्ठेवरून कळतं, आणि हे बघायला मी घरातल्या प्रत्येकाला शिकवलं. तपकिरी भागासोबत एक पांढरा भाग पडतो, तो युरेट, म्हणजे बाहेर टाकलेलं युरिक ॲसिड. काडीने दाबल्यावर तो ओल्या खडूसारखा मऊ असला तर ठीक. पहिल्या भेटीत चिंगीचा पांढरा भाग पिवळसर होता आणि काडीखाली वाळूसारखा करकरला. रक्ततपासणी वर्षातून एकदोनदाच परवडते; ही तपासणी रोजची आणि बिनपैशाची आहे.

मासे खाडीकाठच्या घरात आले नाहीत तरच नवल. वडील बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून आठवड्याला मासळी आणतात, त्यातलेच दोनचार छोटे मासे आणि सालासकट कोळंबी चिंगीला. कच्च्या कोळंबीत आणि काही माशांत थायमिनेज असतं, ते ब-1 जीवनसत्त्व मोडतं आणि फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही. शिजवलं की जातं. म्हणून मीठ-हळद न लावता वाफवून. खारवलेली सुकी मासळी अजिबात नाही. आठवड्याला एखादं उकडलेलं लाव्याचं अंडं. कच्च्या पांढऱ्या बलकातलं ॲव्हिडिन बायोटिन अडवतं, म्हणून उकडलेलंच. कलेजी स्वस्त मिळते, पण अ जीवनसत्त्वाचा मारा होतो, म्हणून वगळली.

पावसाळ्यात एक मोह समोर आला. बागेतल्या भिंतींवर मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी चढल्या आणि मुलाचा डोळा त्यांच्यावर गेला: घोरपडही आफ्रिकन, गोगलगायही आफ्रिकन, शिवाय फुकट. रानात ती गोगलगायी खाते हे खरंच आहे. पण आपल्या बागेतल्या या गोगलगायी फुप्फुसातल्या कृमींच्या अळ्या बाळगतात आणि माळी त्यांच्यासाठी विषाच्या गोळ्या टाकतात. एका फुकट जेवणापायी दवाखान्याची पायरी चढावी लागेल, म्हणून ते बारगळलं.

कॅल्शियमची भुकटी या सगळ्यात सर्वांत स्वस्त पडली. एका कोंबडीच्या अंड्याच्या टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ते जवळजवळ सगळं कार्बोनेटच्या रूपात. टरफलं दहा मिनिटं उकळून, उन्हात कडक वाळवून, मिक्सरमधून मैद्यासारखी दळायची आणि वस्त्रगाळ करायची. ज्यांच्या घरी अंडी येत नाहीत त्यांना जडीबुटीच्या दुकानातलं समुद्रफेस चालतं, तेही कार्बोनेटच. जनावरांच्या खाद्यात घालतात ती डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) पावडर मात्र घेऊ नये. तिच्यात फॉस्फरस असतो आणि आपलं दुखणंच फॉस्फरसचं आहे. झुरळं डब्यात घालून चिमूटभर भुकटीसोबत हलवायची आणि लगेच द्यायची. दहा मिनिटं ठेवली तर ती अंग साफ करून भुकटी पुसून टाकतात.

इथवर हात आखडता घेतला. आता जिथे तो मुद्दाम सैल सोडला तिकडे वळते, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

पिंजऱ्यात यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मिळावेत म्हणून घेतलेला एक गोल, पिळाचा दिवा होता, 600 रुपयांचा, खोक्यावर 10.0 असा आकडा. आमच्याकडे यूव्ही निर्देशांक मोजायचं यंत्र आहे. ते चिंगीच्या पाठीच्या उंचीवर धरलं तर आकडा शून्याच्या अलीकडे-पलीकडेच राहिला. तिला ऊन खाण्याच्या जागी किमान 3 ते 4 हवा. यूव्हीबी नसेल तर कातडीत ड-3 जीवनसत्त्व बनत नाही, आणि ड-3 नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही. म्हणजे टरफलं कितीही दळा, ती आली तशी निघून जाणार. खिडकीतल्या उन्हाचा आधार नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात थोडा वेळ खरं ऊन देणं उत्तम, पण जून ते सप्टेंबर ते मिळायचं कुठून? तेव्हा 39 वॉटची लांब टी-5 ट्यूब घेतली, परावर्तकासह. ट्यूब 5,400 रुपयांची. मधली जाळी यूव्हीबीचा मोठा भाग खाते, म्हणून ती जाळीच्या आत बसवली, चिंगीच्या पाठीपासून 40 सेंटिमीटरवर. ट्यूब दिसायला नंतरही लागतच राहते पण यूव्हीबी घटतं, म्हणून वर्षाने बदलायची. बारा महिन्यांवर वाटली तर 450 रुपये महिना. बंद केलेल्या व्हिटॅमिनच्या बाटलीएवढेच.

ऊब हा दुसरा भाग. काचेला चिकटवलेलं तबकडीचं थर्मामीटर 34 दाखवत होतं. तापमानाची गन दगडावर रोखली तर 38. सॅव्हाना मॉनिटरला ऊन खायच्या दगडाचा पृष्ठभाग 50 ते 60 अंश लागतो, आणि पिंजऱ्याचं दुसरं टोक 26 ते 28, म्हणजे ती स्वतः जाऊन-येऊन आपलं तापमान जमवते. दगड गार असेल तर खाल्लेलं पोटात पडून राहतं, अर्धवट पचून बाहेर येतं. विष्ठेत आम्हाला चिकनचे धागे ओळखू येत होते! त्या घरातल्या खाण्याच्या पैशांतला मोठा वाटा असा वाया जात होता.

यासाठी परदेशी बास्किंग दिवे लागत नाहीत. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळणारे 80 वॉटचे पार-38 हॅलोजन तीन, शेजारी-शेजारी, म्हणजे फक्त पाठीचा मध्य न भाजता सगळं अंग तापतं. घेताना हॅलोजनच आहे हे खोक्यावर वाचून घ्यावं. त्याच आकाराचे एलईडी मिळतात आणि त्यांना घोरपडीच्या उपयोगाची ऊब नसते. दिव्यांना जाळीचं आवरण हवंच, उडी मारून ती चिकटू शकते. निळे-लाल रात्रीचे दिवे काढून टाकले. चोवीस तास चालणारा 150 वॉटचा सिरॅमिक हीटरही काढला. ऐरोलीच्या खोलीत रात्री 26-27 अंश असताना तो फक्त हवा कोरडी करत होता. त्याला महिन्याला 108 युनिट लागत होते. तीन हॅलोजन दिवसाचे दहा तास आणि ट्यूब अकरा तास, मिळून 85. दिवे वाढले आणि वीज उतरली. महावितरणच्या स्लॅबमध्ये 300 युनिटच्या कडेला असणाऱ्या घराला हा फरक बिलात जाणवतो.

मातीचं प्रकरण वेगळंच निघालं. ही घोरपड बीळ खणते; बिळातला दमटपणाच तिला पाणी राखायला मदत करतो. सालीच्या तुकड्यांत बीळ टिकत नाही. त्यासाठी खत न घातलेली लाल माती आणि वाळू, साधारण 60-40, निदान 60 सेंटिमीटर खोल. नर्सरीतून माती स्वस्त मिळते, म्हणून मुलगा लगेच निघाला होता. मी थांबवलं, कारण पिंजरा वरच्या मजल्यावर होता. आठ फूट बाय चार फूट म्हणजे जवळजवळ 3 चौरस मीटर. 60 सेंटिमीटर ओलसर माती म्हणजे अडीच टनांच्या वर. चौरस मीटरला 900 किलो. राहत्या खोल्यांचे स्लॅब आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 200 किलोच्या भारासाठी आखलेले असतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येक मॉनिटर-पालकाने हा गुणाकार करावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मातीचा टेम्पो बोलावू नये.

या घराला तळमजल्याची मागची खोली होती. गवंड्याकडून विटांचा कठडा बांधून आत जाड ताडपत्री, वर प्लायवूड. कठडा विटांचाच, कारण जमिनीलगत लाकूड म्हणजे वाळवी, आणि वाळवीचं औषध म्हणजे घोरपडीच्या पायाखाली विष. माती-वाळू टेम्पोसकट 4,000 रुपयांत आली. सालीच्या पिशवीचे महिना 1,200 वाचले, म्हणजे मातीचे पैसे चार महिन्यांत फिटले. घाण तेवढी उचलायची, माती बदलायची नाही. चिंगीने पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात पुढच्या पायांनी उकरायला घेतलं, नाकावर लाल माती, शेपूट बाहेर. आजी खुर्ची घेऊन बघत बसल्या होत्या. त्या घरात ती एवढी हललेली कुणी पाहिली नव्हती.

खाणं आठवड्याला तीन-चार वेळा, प्रत्येकी 75 ग्रॅम, महिन्याला साधारण 1,100 ग्रॅम. याहून झपाट्याने कमी केलं नाही, कारण लठ्ठ घोरपड एकदम उपाशी ठेवली की साठलेली चरबी यकृतावर येते. विकतचे किडे धरून सुरुवातीचे महिने खाण्याला 2,340 रुपये लागले. वसाहत हाताशी आल्यावर तेच 840. ट्यूब आणि हॅलोजनची झीज धरून एकूण दीड हजाराच्या आत. अकरा महिन्यांनी वजन 2.3 किलो, युरिक ॲसिड मर्यादेत, एक्स-रेत हाडं आधीपेक्षा ठळक.

वाटेत एक फटका बसला. जुलैत टबाला पिठातले माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, लागले, ओल्या भाजीमुळे, आणि बरीच पिल्लं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात भाजी वेगळ्या ताटलीत, संध्याकाळी काढून टाकायची, आणि कोंडा उन्हात किंवा तव्यावर कोरडा करूनच घालायचा. त्यानंतर दोन महिने विकतचे किडे पुन्हा आणावे लागले.

खर्च उतरल्यावर वडिलांनी नर आणण्याचा विषय काढला. आम्ही बसून मांडलं: दोघांना एकत्र ठेवता येत नाही, म्हणजे दुसरा पिंजरा, दुसरी माती, दुसरे दिवे. पिल्लं झाली तर प्रत्येकाची नोंद आणि प्रत्येकाला घर. शिवाय नर नसतानाही मादी अंडी धरू शकते, आणि अंडी पोटात अडली तर शस्त्रक्रिया करावी लागते. त्या खर्चाची सोय आधी व्हायला हवी. नर आणायचं त्यांनी सोडून दिलं. वाचणाऱ्या सहा हजारांपैकी चार हजारांची पोस्टात आवर्ती ठेव उघडली आहे, चिंगीच्या दवाखान्यासाठी, आणि पासबुक आजींच्या कपाटात आहे.